रणांगणावरचा केसपेपर

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: “आमच्या प्रोजेक्टचा विषय आहे जखमी सैनिकांची डिजिटल वैद्यकीय नोंद. मेडिक (तुकडीतला प्रथमोपचार करणारा सैनिक) मोबाईलवर फॉर्म भरेल, जखमीच्या मनगटावर क्यूआर कोडचा पट्टा असेल, माहिती सॅटेलाइटवरून क्लाऊडवर जाईल आणि मागच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला लगेच दिसेल. सियाचीनसारख्या ठिकाणीही चाललं पाहिजे. अमेरिकेकडे असं काही आहे का? नसेल तर का नाही?”

आहे. पंचवीस वर्षांपासून आहे. त्यातलं बरंचसं नीट चाललं नाही, आणि जे चाललं ते तुम्ही काढलेल्या चित्राच्या जवळजवळ उलट्या टोकाकडून सुरू झालं. म्हणून जरा पाल्हाळ लावतो, कंटाळा आला तर शेवटचे चार-पाच परिच्छेद तेवढे वाचा.

आधी मी कोण ते सांगतो. मूळचा सांगलीचा, शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर. वीसेक वर्षं टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत राहून रुग्णालयांच्या आणि लष्करी वैद्यकीय नोंदींच्या सॉफ्टवेअरवर कंत्राटी काम केलं. युद्धभूमीवर मी कधी गेलेलो नाही. पण तिथून परतलेल्या मेडिक आणि नर्सेसच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खात, आम्ही बनवलेले स्क्रीन पुन्हा पुन्हा मोडले आहेत. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या शिव्यांमधून शिकलेलं आहे.

तुमच्या आराखड्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, ती अशी की नोंद मागच्या रुग्णालयातल्या डॉक्टरसाठी असते. तिथेच थांबा. जखमीजवळ पोचलेला मेडिक काही मिनिटांनी त्याला दुसऱ्याच्या हवाली करणार असतो. हेलिकॉप्टरमधून उतरलेला, पंख्याच्या आवाजात काहीही ऐकू न येणारा तो दुसरा माणूस हा नोंदीचा पहिला वाचक. त्याच्यानंतर सर्जन. त्याच्यानंतर विमानातली नर्स, मग दुसऱ्या देशातलं रुग्णालय, मग मायदेशातलं. आणि वीस वर्षांनी पेन्शनचा अर्ज तपासणारा कारकून, किंवा आपल्या पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये असतो तसा कृत्रिम पाय बसवणारा तंत्रज्ञ. लिहिणारा एक आणि वाचणारे सात-आठ, आणि प्रत्येकाला वेगळं हवं. आजवरची बहुतेक सॉफ्टवेअरं शेवटच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून बनली आणि भरायला पहिल्या माणसाच्या हातात दिली. माझ्या मते सगळी रड इथे आहे.

आता ज्याच्याशी तुमच्या ॲपची खरी स्पर्धा आहे ती वस्तू हातात घेऊन बघू. डीडी १३८० नावाचं कार्ड. अमेरिकी सैन्यात त्याला टी-ट्रिपल-सी कार्ड म्हणतात. भिजलं तरी न फाटणारं, बांधायला भोक असलेलं, प्रत्येक सैनिकाच्या प्रथमोपचाराच्या पाकिटात आधीच ठेवलेलं. म्हणजे मेडिकला स्वतःची कार्डं शोधायला लागत नाहीत, जो पडला त्याच्याच पाकिटातलं काढायचं. टूर्निकेटचंही, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हात-पाय आवळून बांधायच्या पट्ट्याचंही, तसंच.

कार्डाच्या वर तीन चौकोन: तातडीने हलवा, त्यानंतर हलवा, सवडीने हलवा. मग नाव, वेळ, कशाची ॲलर्जी आहे ते. मग जखम कशाने झाली: गोळी, सुरुंग, ग्रेनेड, भाजणं, पडणं, गाडीचा अपघात वगैरे, नुसती फुली मारायची. मधोमध माणसाची समोरून आणि पाठीमागून अशी दोन चित्रं. जखम जिथे असेल तिथे खूण. दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांच्या बाजूला एकेक चौकट, तिच्यात टूर्निकेटचा प्रकार आणि बांधल्याची वेळ. खाली नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध आणि वेदना यांचे रकाने, तीन-चार वेळा तपासून लिहिता येतील एवढे. मागच्या बाजूला केलेले उपचार: रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, सलाईन-रक्त, औषधं. डोळ्यावर ढाल बसवली का, अंग गरम ठेवायला गुंडाळलं का, यासाठीसुद्धा एकेक चौकोन आहे.

अख्ख्या कार्डात मेडिकला जवळजवळ एकही वाक्य लिहायला लागत नाही. डाव्या पायाच्या चौकटीत ‘सीएटी ०९४०’, छातीवर एक फुली, मागे ‘केटामाइन’ आणि मात्रा, झालं. हात रक्ताने चिकट असतात, ग्लोव्ह्ज घसरत असतात आणि काही वेळा शेजारी दुसराही कण्हत असतो. या परिस्थितीत लिहून झालेल्या दहा खुणा म्हणजे उत्तम केसपेपर. अनेकदा तेवढंही होत नाही. सीएटी टूर्निकेटवर वेळ लिहिण्यापुरती एक पांढरी पट्टीच शिवलेली असते, कारण कार्ड हरवेल पण टूर्निकेट पायाबरोबरच जाईल, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. तुमचा ॲप या पट्टीपेक्षा हळू असेल तर मेडिक तो दुसऱ्यांदा उघडणार नाही.

मग संगणक हवाच कशाला? त्याचं उत्तर मजेशीर आहे, कारण अमेरिकेत ही मागणी रक्तस्रावातून आलीच नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे जवळपास ७ लाख सैनिक गेले. परत आल्यावर हजारोंना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असे त्रास सुरू झाले. कुणाला अँथ्रॅक्सची लस दिली होती, कुणाला बोट्युलिनमची, नर्व्ह गॅसपासून संरक्षण म्हणून पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या कुणी किती घेतल्या, कोण कुठे तैनात होतं, याच्या धड नोंदीच नव्हत्या. संसदेत आरडाओरडा झाला. १९९७ मध्ये कायदा झाला की परदेशी पाठवल्या जाणाऱ्या सैनिकांची जाण्याआधी आणि आल्यावर वैद्यकीय तपासणी आणि नोंद झालीच पाहिजे. त्या रेट्यातून १९९९ मध्ये लष्कराचा एमसी-४ हा वैद्यकीय नोंदी संगणकावर आणायचा कार्यक्रम उभा राहिला, आणि इराक युद्ध सुरू झालं तेव्हा त्याचे लॅपटॉप आणि हातातली छोटी यंत्रं तिकडे रवाना झाली.

म्हणजे बाळाच्या पत्रिकेतच घोळ होता. लसीकरण आणि बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदींसाठी जन्मलेली व्यवस्था, आणि तिच्या हाती आले सुरुंगाने पाय गेलेले पोरगे.

ती छोटी यंत्रं म्हणजे त्या काळचे पॉकेट पीसी. काडीने स्क्रीनवर टोचायचं. उन्हात काही दिसायचं नाही, रात्री स्क्रीनचा उजेड शत्रूला दिसायचा. यादी उघड, त्यात उपयादी, त्यात पुन्हा यादी. बॅटरी संपली की वीट. दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रांगेसाठी ती बरी होती. गोळीबारात मेडिकनी ती बॅगेच्या तळाशी टाकली आणि मार्कर काढला. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

रुग्णालयात, म्हणजे मागच्या तळावर, प्रकार वेगळा होता. तिथे वीज होती, टेबल होतं, पण प्रणाल्या दोन होत्या. बाह्यरुग्णांसाठी आल्टा या अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय नोंद-प्रणालीची तिकडे चालणारी आवृत्ती, आणि दाखल रुग्णांसाठी टीसी-२, जिचं घराणं मम्प्स नावाच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेपर्यंत जातं. (मम्प्स म्हणजे गालगुंड. वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या भाषेला हे नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.) दोन्हीकडच्या नोंदी टीएमडीएस नावाच्या एका कोठारात जायच्या आणि तिथून ब्राउझरवर वाचता यायच्या. आल्टाच्या संथपणाच्या आणि बंद पडण्याच्या तक्रारी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांच्या अहवालांत नोंदलेल्या आहेत. २०१० च्या अहवालात १३ वर्षं आणि सुमारे २ अब्ज डॉलर असा हिशोब आहे. पुढे देशातल्या आणि कायमच्या तळांवरच्या रुग्णालयांसाठी एमएचएस जेनेसिस ही नवी प्रणाली २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बसवली, ती मार्च २०२४ मध्ये पुरी झाली. पण तो मोठ्या इमारतींचा विषय आहे, तुमच्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंध नाही.

कोठार मात्र उपयोगी पडलं, हे मान्य करायला हवं. अफगाणिस्तानातल्या बग्राम किंवा इराकमधल्या बालादच्या तळावरून विमान निघालं की ते उतरण्याआधी जर्मनीत लँडस्टूलच्या रुग्णालयातले डॉक्टर काय येतंय ते वाचू शकत होते. त्याआधी काय चालायचं? सर्जन पोटाचं ऑपरेशन अर्ध्यावर ठेवून, रक्तस्राव थांबवून, पोट उघडंच झाकून जखमीला पुढे पाठवतो; पुढचं ऑपरेशन दुसऱ्या खंडावरचा सर्जन करतो. आत किती कापडं दाबून ठेवली आहेत हे त्याला कळलंच पाहिजे. मग पहिला सर्जन सरळ पोटावरच्या ड्रेसिंगवर मार्करने लिहायचा: इतके पॅक आत, आतडं दोन ठिकाणी बांधलंय, अमुक वाजता. कागद विमानात इकडेतिकडे होईल, ड्रेसिंग कुठे जाणार! ही युक्ती कोठार आल्यावरही बंद पडली नाही, आणि ती बंद करा असं म्हणणाऱ्यांच्या मी नेहमी विरोधात होतो.

आता ज्या एका रकान्यावर मी आयुष्याची सगळ्यात जास्त वर्षं घालवली त्याबद्दल: वेळ.

टूर्निकेट साधारण दोन तासांच्या आत काढून त्याजागी दाब-ड्रेसिंग करता येतं का ते बघायचं असतं. सहा तास उलटून गेले असतील तर ते रुग्णालयाबाहेर सोडायचं नाही, कारण खालच्या मेलेल्या स्नायूंतलं विष एकदम रक्तात येतं. म्हणजे ‘टूर्निकेट बांधलं आहे’ ही निम्मी माहिती झाली, डोळ्यांना दिसतेच. उरलेली निम्मी फक्त नोंदीत असते. ट्रॅनेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचं तेच. २०१० च्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २० हजारांवर जखमी होते. औषधाने जीव वाचतात हे त्यात दिसलं, आणि पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात दिसलं की जखम होऊन तीन तास झाल्यावर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचं प्रमाण उलट वाढतं. तेच इंजेक्शन, तीच मात्रा, घड्याळाने औषधाचा अपाय केला.

आणि हे फक्त एका रुग्णापुरतं नाही. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या भरपूर रक्त द्यावं लागलेल्या २४६ जखमींच्या नोंदी मागाहून चाळून २००७ मध्ये एक गाजलेला अभ्यास आला. लाल पेशींच्या तुलनेत प्लाझ्मा फारच कमी मिळालेल्यांत (१:८) ६५ टक्के दगावले, मधल्या गटात (१:२.५) ३४ टक्के, आणि जवळपास बरोबरीने (१:१.४) मिळालेल्यांत १९ टक्के. जगभरच्या ट्रॉमा सेंटरांची रक्त द्यायची पद्धत बदलण्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे. पण लगेच शंकाही निघाली: गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला वेळ लागतो, जो लवकर गेला त्याला तो मिळणारच कसा? मग प्लाझ्म्यामुळे जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला? याचा निकाल लावायचा तर कुठली पिशवी किती वाजता लागली हे हवं. नेमकं तेच बहुतेक नोंदींत नसतं. पिशव्यांची बेरीज असते, पिशव्यांची घड्याळं नसतात.

म्हणून वेळेच्या रकान्याची एक गोष्ट सांगतो. एका कंपनीत आम्ही टॅब्लेटवरची नोंद मागच्या सर्व्हरला जोडत होतो. चाचणीच्या डेटात एक काल्पनिक जखमी होता, अफगाणिस्तानातला. मेडिकने टूर्निकेट ०९४० ला बांधलं, ट्रॅनेक्झामिक ॲसिड ०९५५ ला दिलं. हेलिकॉप्टरने त्याला १००५ ला उचललं. हेलिकॉप्टरवाले जागतिक वेळेत लिहितात, त्यांच्या हिशोबात ते ०५३५. टॅब्लेटची वेळ स्थानिक, सर्व्हर ती जागतिक वेळेत बदलून ठेवणार. निकाल आला तो असा: हेलिकॉप्टरने उचललं ०५३५, टूर्निकेट ०५४०, इंजेक्शन ०५५५. म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये चढवल्यावर पाच मिनिटांनी टूर्निकेट!

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. काबूलचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेचार तास पुढे आहे. डेटाबेसमध्ये हा फरक ठेवायचा रकाना पूर्णांकाचा होता, त्यामुळे साडेचारचे झाले चार. ज्याने तो लिहिला तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाढलेला हुशार मुलगा. अर्ध्या तासाचे टाइम झोन असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, बाबा रे, माझी आई सांगलीत ज्या घड्याळावर जेवायला बसते तेसुद्धा साडेपाच तासांचं आहे. इराकच्या डेटावर हीच चाचणी सहा महिने निर्धोक चालली होती, तिथे फरक तीन तासांचा. सॉफ्टवेअरने कुठेही लाल दिवा दाखवला नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी अगदी शक्य होते. तेव्हापासून माझा नियम आहे: माणसाने लिहिलेले चार आकडे जसेच्या तसे जपायचे, कुठल्या घड्याळाचे तेही शेजारी लिहायचं, आणि बदललेली वेळ वेगळ्या रकान्यात ठेवायची. मूळ वेळेवर लिहायची परवानगी कुणालाच नाही.

ओळख हा दुसरा चकवा. बेशुद्ध माणूस, गणवेश कापून टाकलेला, बिल्ला सापडत नाही. रुग्णालय त्याला तात्पुरतं नाव देतं. ओळख पटली की खरं खातं उघडतं. आता एकाच माणसाची दोन खाती, निम्म्या तपासण्या इकडे, निम्म्या तिकडे, रक्तगट भलत्याच पानावर. खाती जोडणं सोपं वाटतं, पण चुकून दोन वेगळी माणसं जोडली गेली तर सोडवणं महाकठीण. त्यात अफगाण नागरिक आणि मुलंही मोठ्या संख्येने या रुग्णालयांत यायची. आडनाव नसायचं, जन्मतारीख ठाऊक नसायची, मग फॉर्म पुढे सरकावा म्हणून १ जानेवारी. एकाच वॉर्डात १ जानेवारीला जन्मलेले चार मोहम्मद. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्याला हे दृश्य नवीन नाही. नाव-जन्मतारीख सक्तीची करणाऱ्या फॉर्ममध्ये माणसं खोटं भरतात, म्हणून ‘माहीत नाही’ हे अधिकृत उत्तर असू द्या.

एवढं होऊनही सगळ्यात मोठं भोक पुढच्या टोकालाच राहिलं. व्हिएतनामच्या काळात वॉल्टर रीड रुग्णालयात नॉर्मन रिच यांनी १९६६ पासून रक्तवाहिन्यांच्या जखमांची कार्डं जमवली आणि १९७० मध्ये १००० जखमांचा लेखाजोखा मांडला, तोही संगणकाशिवायच्या चिकाटीवर. पण ते होते रुग्णालयात पोचलेले. इराक-अफगाणिस्तानच्या वेळी सॅन अँटोनिओत लष्कराची ट्रॉमा रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या जखमींची एकत्र नोंदवही, उभी राहिली, तिच्यातही रुग्णालयापूर्वीची नोंद असलेले जखमी दहा टक्क्यांहून कमी. आणि मृत्यू कुठे होत होते? २००१ ते २०११ मधल्या ४५९६ मृत्यूंच्या अभ्यासात ८७.३ टक्के जण रुग्णालयात पोचण्यापूर्वीच गेले होते. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याचे जीव कदाचित वाचू शकले असते, आणि या वाचू शकणाऱ्यांत दहापैकी नऊ रक्तस्रावाने गेले. जिथे मरण, तिथेच कागद कोरा.

हे भोक ज्यांनी बुजवलं त्यांनी ते सॉफ्टवेअरने बुजवलं नाही, म्हणून आमच्या धंद्यातले लोक ही गोष्ट फारशी सांगत नाहीत. अमेरिकी लष्कराची ७५ वी रेंजर रेजिमेंट. त्यांनी स्वतःचं साधं कार्ड बनवलं, प्रत्येक सैनिकाला, नुसत्या मेडिकला नव्हे, रक्तस्राव थांबवायला शिकवलं, आणि जखमींची जबाबदारी डॉक्टरवर न टाकता तुकडीच्या कमांडरवर टाकली. मोहिमेनंतर दारूगोळ्याचा हिशोब द्यायचा तसा जखमींचाही द्यायचा. कार्ड भरलं नाही तर कमांडर विचारणार. ऑक्टोबर २००१ ते मार्च २०१० मध्ये त्यांचे ४१९ जण लढाईत जखमी झाले, ३२ गेले, आणि रुग्णालयापूर्वी आणखी काही उपचार केले असते तर वाचला असता असा त्यात एकही निघाला नाही. हे कुणी म्हणू शकलं, कारण तपासायला कार्डं होती. तेच कार्ड थोडं बदलून २००९ मध्ये लष्कराने आणि २०१४ मध्ये डीडी १३८० म्हणून सगळ्या दलांनी घेतलं.

ॲपवाल्यांमध्ये मला त्यातल्या त्यात शहाणं वाटलं ते बॅटडॉक, अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं. अँड्रॉइडवर चालतं. त्याची सुरुवात फॉर्मपासून होत नाही. एका मेडिकला पाच जखमींची नाडी आणि ऑक्सिजन एका स्क्रीनवर दिसतं, कुणाचं बिघडतंय ते कळतं. म्हणजे लिहिणाऱ्याला त्याच क्षणी काहीतरी परत मिळतं, नोंद त्या ओघात होते. शेवटी त्यातून निघतं काय? तर डीडी १३८० च्याच आराखड्याची नोंद.

सॅटेलाइटचं स्वप्न मात्र युक्रेनने पार मोडलं. रेडिओ लहरी सोडल्या की जागा कळते, जागा कळली की ड्रोन येतो. अफगाणिस्तानात २००९ नंतर साठ मिनिटांत हेलिकॉप्टर हा दंडक होता आणि हलवायला लागणारा मध्यक (मीडियन) वेळ ९० वरून ४३ मिनिटांवर आला होता. युक्रेनमध्ये हेलिकॉप्टर आघाडीजवळ येऊच शकत नाही. जखमी तासन् तास, कधी रात्र होईपर्यंत खंदकात असतो, टूर्निकेट तसंच, आणि त्यापायी वाचू शकणारे हातपाय गेले. तिथलं प्राथमिक कार्ड म्हणजे ‘फॉर्म १००’, कागदाचा. इतक्या वेळात मेडिक बदलतात, औषधांच्या फेऱ्या होतात, आणि कार्डावरचे नाडी-रक्तदाबाचे तीन-चार रकाने भरून जातात. लांबलेल्या काळजीसाठी ॲपला खरी जागा इथे आहे, पण रेडिओ बंद ठेवून.

आता तुमचा प्रोजेक्ट. क्लाऊड आकृतीतून काढू नका, पण शेवटच्या चौकोनात ढकला. नेट कधीच मिळणार नाही असं धरून लिहा, मिळालं तर बोनस. दोन यंत्रांवर एकाच जखमीची वेगवेगळी नोंद झाली तर ‘शेवटची खरी’ असला नियम लावू नका. दोघांनी दोनदा मॉर्फिन दिलं असेल तर दोन्ही ओळी दिसल्या पाहिजेत. नोंदी फक्त वाढत जातील, पुसल्या जाणार नाहीत, अशी रचना करा, म्हणजे निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. पासवर्डचंही बघा: दर पाच मिनिटांनी लॉगिन मागणारी प्रणाली दिली की वॉर्डातल्या एकाच नर्सच्या नावाने सगळे काम करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि यंत्र शत्रूच्या हाती पडलं तर? एका तुकडीत आज किती जखमी, ही माहिती त्याला औषधांच्या यादीपेक्षा मोलाची आहे.

सियाचीन म्हणता, तर जखमेच्या कारणांची अमेरिकन यादी उचलू नका. तिथे गोळीपेक्षा हवामानाने माणसं जास्त जायबंदी होतात. हिमदंश, फुप्फुसात पाणी भरणं, हिमस्खलन हे चौकोन सगळ्यात वर हवेत. उणे तापमानात लिथियम बॅटरी माना टाकते, जाड मोज्यांनी टचस्क्रीन चालत नाही आणि बॉलपेनची शाई गोठते. हेलिकॉप्टर हवा उघडेल तेव्हा येणार. प्रयोगशाळेत याची नक्कल स्वस्तात होते: फोन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, ग्लोव्ह्जवर भांडी घासायचं लिक्विड ओता, खोलीत अंधार करा, मित्राला स्टॉपवॉच द्या आणि कानाशी मिक्सर चालू ठेवा. दुसऱ्या मित्राला कागदाचं कार्ड आणि पेन्सिल द्या. कोण आधी आणि बिनचूक भरतो ते अहवालात छापा, हरलात तरी छापा.

क्यूआर पट्ट्याचं म्हणाल तर नुसता क्रमांक असलेला कोड नेट नसताना काही सांगत नाही, आणि रक्ताने माखला की वाचताही येत नाही. त्याऐवजी एनएफसीची चिप घ्या. बाजारात मिळणाऱ्या एका साध्या चिपमध्ये ८८८ बाइट लिहिता येतात. काय केलं, कुठे, किती वाजता, मात्रा किती, याला नोंदीमागे ८ बाइट धरले तर १०० नोंदी ८०० बाइटांत बसतात. एवढ्यात अख्खं कार्ड मावून वर जागा उरते. फोन पट्ट्याला टेकवला की नोंद जखमीबरोबर चालू लागते, मधे कुठलाही सर्व्हर नाही. आणि पट्ट्यावर पेन्सिलीने चार आकडे लिहिण्यापुरती खरबरीत पांढरी जागा सोडा, टूर्निकेटच्या वेळेसाठी.